सोळा वर्षांचा पाऊस

मित्रांनो, जरा कल्पना करा. तुम्ही भिंतीला पाठ टेकून गुपचूप उभे आहात. घरात येणारा प्रत्येक माणूस तुमच्या कपाळावर नखाने टक् टक् करतो, "काय म्हणतोस रे?" असे विचारतो आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत कॉफी प्यायला निघून जातो. दिवसातून दहा वेळा, आणि तेही सोळा वर्षे. कल्पना करवते का? नाही ना? मग माझी कहाणी ऐका.

मी एक जुना वायुभारमापक आहे. माझी पेटी पितळेची आहे, पुढे काच आहे आणि काचेमागे पांढरी तबकडी. माझ्या पोटात एक पातळ डबी आहे. बाहेरच्या हवेचा भार वाढला की ती दबते, कमी झाला की फुगते, आणि त्याप्रमाणे माझा काटा फिरतो. तबकडीवर डॅनिश भाषेत पाच शब्द आहेत: वादळ, पाऊस, बदल, छान आणि फार कोरडे. शेवटच्या शब्दापर्यंत माझा काटा आयुष्यात एकदाही गेलेला नाही. फेरो बेटांवर राहायचे म्हटल्यावर तो शब्द लिहिण्यात कारागिराने शाई उगाच वाया घालवली.

तो कारागीर मात्र भला माणूस होता. डेन्मार्कच्या एका बंदरात त्याचे घड्याळांचे दुकान होते. त्याने मला दुसरा काटाही दिला. हा काटा आपणहून हलत नाही. काचेच्या मधोमध जी छोटी गुंडी आहे, ती फिरवून तो हाताने सरकवायचा. मला विकत घ्यायला कप्तान निक्लास आले, तेव्हा कारागीर त्यांना म्हणाला, "हा आठवणीचा काटा. रोज सकाळी तो मोठ्या काट्यावर आणून ठेवा. दुसऱ्या दिवशी दोघांत किती अंतर पडलं ते बघा. शब्द वाचू नका, कप्तान. अंतर वाचा."

कप्तान निक्लास यांनी ते बावीस वर्षे पाळले. त्यांच्या शिडाच्या जहाजावर बसून मी आइसलंडच्या समुद्रात कॉड मासे पकडायला जात असे. एकदा एका दिवसात माझा काटा तीन बोटे खाली आला. आकाश निळेशार होते. शेजारच्या दोन जहाजांवरचे लोक हसले, पण कप्तानांनी शिडे उतरवली आणि जहाज खाडीत आणून उभे केले. दुसऱ्या दिवशी ती दोन्ही जहाजे डोलकाठ्या मोडून त्याच खाडीत आली. त्या रविवारी खलाशांनी मला लोकरीने पुसून लख्ख केले. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मानाचा दिवस.

पुढे शिडाची जहाजे गेली. मी कप्तानांच्या किनाऱ्यावरच्या घरात आलो आणि शेवटी त्यांचा नातू हानुस याच्या वाट्याला आलो. आता माझी खरी चिडचिड सुरू होते.

हानुसने डोंगराच्या उतारावर, अगदी वरच्या कुरणाला लागून, नवे घर बांधले. किनाऱ्यापासून चढायला वीस मिनिटे लागतात. त्याने मला तिथल्या स्वयंपाकघरात दाराशेजारी खिळ्याला टांगले. इथवर ठीक होते. पण मित्रांनो, उंचावर हवेचा भार कमी असतो. म्हणून माझ्या पाठीत एक बारीक स्क्रू दिलेला आहे. जागेची उंची बदलली की तो थोडासा फिरवायचा. एवढेच. एका मिनिटाचे काम!

ते कोणी केले नाही. तेव्हापासून मी एक-दीड शब्द खाली बोलू लागलो. हवा 'छान' असली की मी 'बदल' म्हणतो, कधी कधी 'पाऊस'सुद्धा. 'बदल' असला की 'पाऊस' म्हणतो. दुसऱ्या एखाद्या गावात माझी चूक आठवड्यात पकडली गेली असती. पण या गावात मी 'पाऊस' म्हणतो आणि खरोखरच पाऊस पडतो! हानुस तर पाहुण्यांना अभिमानाने सांगे, "माझ्या आज्याचं यंत्र आहे. कधी चुकत नाही." तेव्हा मला माझी काच फोडून बाहेर यावेसे वाटे. आठवणीच्या काट्याच्या गुंडीवर तर कोणीतरी माश्या मारायची फळी अडकवून ठेवली होती.

आता त्या शरदातली गोष्ट. ऑक्टोबर सरत आला होता. मेंढ्या डोंगरावरून खाली आणून झाल्या होत्या आणि घरचे वर्षभराचे मांस चात्लुरमध्ये टांगले होते. चात्लुर म्हणजे फटी ठेवून उभ्या फळ्यांनी बांधलेली खोली. फटींतून समुद्राचा वारा आत खेळतो आणि मांस आपोआप मुरते, जसे तुमच्या घरी लोणचे मुरते. त्यासाठी हवा ओलसर हवी, गार हवी आणि वाहती हवी. वारा पडला आणि उबारा आला, तर माश्या जाग्या होतात आणि सगळे नासते. रान्वाचे बाबा दूरच्या समुद्रात जहाजावर होते. नाताळला ते घरी आले की पहिला घास याच मांसाचा असे. रान्वा म्हणजे हानुसची दहा वर्षांची नात.

हानुसचे चात्लुर घरामागच्या खळग्यात होते. ते बांधताना खालच्या बंदरावर मासे तोलणारी बिल्ला त्याला म्हणाली होती, "अरे, खळग्यात वारा काय चिठ्ठी पाठवून बोलावणार आहेस का?" तेव्हापासून हानुस तिच्याशी कामापुरतेच बोलत असे.

रविवारी संध्याकाळी रेडिओने येत्या आठवड्याचा अंदाज सांगितला. ओलसर आणि गार हवा, रिमझिम पाऊस, पश्चिमेचा वारा. हानुसने मांडीवर थाप मारली. "ऐकलंस? ओलसर आणि गार! यापेक्षा गोड शब्द नाहीत जगात."

रान्वाने वही उघडली. "मला रेडिओचं लिहायचं नाहीये. बाईंनी सांगितलंय, आपल्या दारातलं हवामान लिहा. आठ दिवस." ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आबा, हा दुसरा काटा कशाला?"

"शोभेला."

शोभेला! मित्रांनो, तो शब्द अजून माझ्या पोटात सलतो.

सोमवारी सकाळी रान्वाने माश्यांची फळी काढली. गुंडी गंजली होती. तिने तेलाचा थेंब सोडला आणि आठवणीचा काटा आणून बरोबर माझ्या काट्यावर ठेवला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा! मी त्या दिवशी मन लावून काम केले. हवेचा भार झपाट्याने वाढत होता. मंगळवारी सकाळी दोन काट्यांमध्ये दोन बोटांचे अंतर पडले होते.

"आबा! काटा चढलाय. दोन बोटं!"

हानुसने येऊन टक् टक् केले. "काय लिहिलंय तिथं?"

"पाऊस संपतो ना, तिथं आहे. बदलाच्या अलीकडे."

"म्हणजे पाऊसच. पाऊस आला की वारा आला आणि वारा आला की आपलं मांस सुखात. जा शाळेत."

"पण काल काटा—"

"काल पाऊस, आज पाऊस. पावसाला काय बोटांनी मोजतेस?"

हवेचा भार एवढा वाढला की वारा पडतो, हे मी जिवाच्या आकांताने सांगत होतो. पण मला शब्द एवढे पाचच, आणि तेही चुकीच्या जागी!

दुपारी रान्वा शाळेतून आली ती कमरेवर हात ठेवूनच. "आबा, हा खोटारडा आहे."

"कोण?"

"हा! बंदरावर तोलायच्या शेडमध्ये असंच यंत्र आहे. ते म्हणतंय 'छान'. कधीचं म्हणतंय."

"माझ्या आज्यानं याच्या जिवावर आइसलंड गाठलंय. बिल्लाचं यंत्र तिच्यासारखंच, तोंडाला येईल ते बोलतं."

"मग दोघांना समोरासमोर उभं करते." तिने मला खिळ्यावरून काढले, आपल्या लोकरीच्या स्वेटरमध्ये गुंडाळले आणि निघाली.

काय सांगू त्या उतरणीबद्दल! पहिल्या कुंपणाशी तिने स्वेटर बाजूला केला. माझा काटा किंचित सरकला होता. ओढ्यावर पुन्हा पाहिले. आणखी सरकला. चर्चपाशी ती थांबलीच. "अरे," ती मला म्हणाली, "तू चालतोयस की!" धक्क्यावर पोचेपर्यंत मी माझा हरवलेला शब्द परत मिळवला होता. 'छान'. शेडमधल्या त्या यंत्रात आणि माझ्यात केसाचाही फरक नव्हता.

"कडेवर काय बाळ आणलंस गं?" बिल्लाने तराजूमागून विचारले. "हे हानुसचं ना? सोळा वर्षं रडतंय तेच?"

"बिल्लाकाकू, वर ते पाऊस म्हणतं. वाटेत सरकत सरकत इथं आलं."

बिल्लाने मला उलटे केले. माझ्या पाठीतल्या स्क्रूवर हिरवा गंज चढला होता. ती आधी खूप हसली, मग एकदम थांबली. "पोरी, वर हवा हलकी असते. याला घर बदलल्याचं कुणी सांगितलंच नाही. पण काटा एवढा चढलाय म्हणजे वारा पडणार. इथं समुद्राकाठी काहीतरी झुळूक राहील. तुमच्या खळग्यात?"

रान्वा उत्तर द्यायला थांबली नाही. तिने मला छातीशी धरले आणि धावत सुटली.

वर धुके झाकणासारखे बसले होते. घराच्या धुराड्यातून धूर काठीसारखा सरळ वर जात होता. रेडिओ काही खोटे बोलला नव्हता. खाली किनाऱ्यावर हवा ओलसर होती, गार होती आणि वाहत होती. फक्त रेडिओला आमचा खळगा माहीत नव्हता. तो मला माहीत होता.

"आबा, चात्लुर उघडा. आत्ता!"

दार उघडले. आतली हवा गोठ्यातल्यासारखी कोमट होती. मांसाला घाम फुटला होता. एका मांडीवर निळसर हिरवी माशी निवांत पाय चोळत बसली होती.



"बिल्लाकाकूंचं चात्लुर समुद्राच्या टोकावर आहे," रान्वा म्हणाली. "निम्मं रिकामं आहे."

"बिल्लाकडे? मी जाऊ?"

"मग बाबांना नाताळला काय वाढायचं? तुमचा रुसवा?"

हानुसने ती माशी बसलेली मांडी कापून बाहेर टाकली. मग पहिले धड खांद्यावर घेतले आणि तो उतरणीला लागला. रान्वाची आई मासळीच्या कारखान्यातून येत होती, तीही वाटेतच मदतीला लागली. अंधार पडायच्या आत तिघांनी मिळून सात खेपा केल्या.

बिल्ला आपल्या चात्लुरच्या दारातच उभी होती. "ये हानुस, ये. सोळा वर्षांपूर्वी निघालास, आज पोचलास."

"वारा मागायला आलोय, बिल्ला. टोमणे नकोत."

"वारा फुकट आहे रे. टोमणे त्याच्यासोबत येतातच."

हानुस हसला. मांस वाचले. जी एक मांडी गेली, तिच्यावर गावातले कावळे आठवडाभर खूश होते.

बुधवारी सकाळी रान्वा तळहातावर पेन्सिलीने एक आकडा लिहून खालून वर आली. बंदरावरच्या यंत्राचा आकडा होता तो. हानुसने चाकूच्या टोकाने गंज खरवडला आणि माझ्या पाठीतला स्क्रू फिरवला. सोळा वर्षे वाकून बोलत होतो, मित्रांनो. त्या क्षणी ताठ उभा राहिलो.

आता तुम्हाला माझे सांगणे एवढेच आहे. तुमच्याही घरात जुन्या वस्तू असतील आणि जुनी माणसेही असतील. नुसते टक् टक् करून पुढे जाऊ नका. विचारलेत तर उत्तराला थांबा. त्यांची जागा बदललीत तर त्यांना जरा सावरून घ्या. आणि कालच्यापेक्षा आज ती कुठे आहेत, हे अंतर वाचायला शिका. माझा काटा म्हातारा आहे, कधी कधी अडकतो. तेव्हा बोटाच्या पेराने एकदा हळूच हलवलेत तर मी रागावणार नाही. पण नख नको! माझ्या काचेवर त्याचा वाटोळा डाग पडला आहे, तो आता जायचा नाही.

स्क्रू बसला, तसा हानुसने मला खिळ्यावर टांगले आणि सवयीने नख उगारले.

रान्वाने ते बोट हवेतच मुठीत पकडले. नख आत वळवले, बोटाचे मऊ पेर माझ्या काचेला एकदा, अगदी हळूच टेकवले आणि म्हणाली, "आता थांबा, आबा. बोलू द्या त्याला."

मग तिने आठवणीचा काटा आणून माझ्या काट्यावर ठेवला आणि वही उघडली.