पाचवा फर्मा

"शाईच फिकी मारत्यात हल्ली मेले," दुर्गाबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. "पयल्यावानी काळी शाई ऱ्हायलीच न्हाई कुटं."

"हो ना," मी म्हणाले, आणि त्यांच्या हातातला उलटा कागद बोलता बोलता सुलटा करून ठेवला. कागद ठळक, काळाकुट्ट छापलेला होता. वर्षभर मी असंच 'हो ना' म्हणत आले आहे.

धायरीत मोठा रस्ता सोडून आत वळलं की पत्र्याच्या शेडांची रांग लागते. तिसरी शेड आमची, पुस्तकं बांधायची. छापखान्यातून मोठाले कागद येतात. एका कागदाची घडी घातली की सोळा पानं होतात, त्याला फर्मा म्हणायचं. लांब टेबलावर पहिल्या फर्म्यापासून शेवटच्यापर्यंत थप्प्या मांडायच्या आणि कडेकडेने चालत प्रत्येकीतला एकेक उचलायचा. टोकाला पोचेतो हातात पुस्तक तयार. ते ठेवायचं आणि परत पहिल्या थप्पीशी. टेबलावरच्या शेफालीने एकदा तिच्या मोबाइलवर माझी पावलं मोजली. "ताई, तुम्ही डेली चालत हडपसर गाठता," म्हणाली. गाठत असेन. तिथे उतरायला मात्र मिळत नाही.

शाळा माझी सातवीत सुटली. पुढचं सगळं शिक्षण या टेबलावर झालं, आणि तेही फर्म्याने. घड्या घालताना जो फर्मा वाट्याला येईल तो वाचायचा, मागचं-पुढचं दुसरीच्या हातात. एका इतिहासात किल्ल्याला वेढा पडलेला मी वाचला, गडावरचं पाणी संपत आलं, आणि फर्माही संपला. त्या माणसांचं काय झालं याची मला अजून हुरहुर आहे. रहस्यकथांचं तर विचारू नका. अकरा खून डोक्यात आहेत, एकाचाही खुनी सापडलेला नाही. नवरा म्हणतो, तुझं बोलणंही हल्ली मधूनच सुरू होतं आणि मध्येच थांबतं.

चित्रांची पुस्तकं तेवढी वेगळी. ती एकाच फर्म्याची असतात. पाठीवर घर असून घर शोधत हिंडणाऱ्या कासवाचं पुस्तक आलं, तेव्हा मी शेवटच्या चित्रापर्यंत पोचले आणि टेबलाशी तशीच उभी राहिले. कितीतरी दिवसांनी काहीतरी संपलं होतं. दुर्गाबाईंनी मला कोपर मारलं. "कासव पोचलं नव्हं घरी? मग तू बी हाल."

घडी घालायला त्यांनीच शिकवलं मला. ही शेड उभी राहिली तेव्हापासून त्या इथे आहेत. खरं तर त्याच्याही आधीपासून, कारण शेडच्या जागी त्यांच्या सासऱ्यांची ज्वारी असायची. जमीन गेली, मुलांनी चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तिथे सून त्यांना प्रेमाने टीव्हीसमोर बसवते आणि त्या दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधीच शेडच्या दारात उभ्या असतात. "तितं मी पावनी हाय," म्हणतात. इथे त्या दुर्गाबाई आहेत. अंगठ्याने थप्पी चाळून पंचवीस म्हणाल्या की पंचवीसच.

गेल्या दिवाळीपासून त्या मला मोठ्यांदा वाचायला सांगू लागल्या. "हात चालू ठिव आन् वाच." मी वाचायचे. थप्पी कसली आहे तेही वाचण्याच्या ओघात सांगून टाकायचे, मुद्दाम सांगितलंय असं वाटू नये म्हणून. शेफालीने एक दिवस जाड मार्करने प्रत्येक थप्पीपुढे तळहाताएवढा आकडा लिहून ठेवला. कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. प्रज्ञेशने दोन नव्या ट्यूब लावल्या. प्रज्ञेश म्हणजे आमचा मालक. वडलांनंतर तोच शेड बघतो. लहानपणी कागदाच्या गठ्ठ्यांवर झोपायचा आणि दुर्गाबाई त्याच्यावर आपला पदर टाकायच्या. म्हणून तोही ट्यूब लावतो आणि गप्प बसतो.

त्या सकाळी साडेदहाला तो फोन हातात धरून बाहेर आला. स्पीकर चालू होता. पलीकडे रंगनाथराव होते. पुण्याच्या जुन्या पाणीपुरवठ्याचा इतिहास त्यांनी लिहिला होता, आम्ही तो बांधला होता, आणि वीस प्रती त्यांच्याकडे आदल्या दिवशी पोचल्या होत्या.

"चूक झालीय असं मी म्हणणार नाही," रंगनाथराव शांतपणे म्हणत होते. "आपण पुस्तकात भर घातलीत. चौसष्ट पानावर मी हौदाची खोली दिली आहे. समोर पासष्टवर एक मुलगी पाण्यात उतरते आणि तिच्या केसांचे मासे होतात. पाणी खात्यात मी चौतीस वर्षं काढली. असा प्रकार आमच्याकडे नोंदलेला नाही."

"सर, आय ॲम एक्स्ट्रीमली सॉरी. किती कॉपीज आहेत तशा?"

"माझ्या विसात तीन. उरलेल्या तीनशेंत किती, ते आपणच शोधून काढावं. संध्याकाळी सहाला प्रकाशन आहे. श्रोते वयस्कर आहेत, मासे सगळ्यांना सोसतील असं नाही." फोन बंद झाला.

ती मुलगी माझ्या ओळखीची होती.

मुलांसाठीची एक कादंबरी त्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावर होती. तळ्याच्या तळाशी एक शहर आहे. स्वतःचं नाव जो विसरेल त्यालाच त्याचं दार उघडतं. मुलगी पाचव्या फर्म्यात दारापाशी पोचते. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत दुर्गाबाई म्हणाल्या, "त्या पोरीचं फुडं काय झालं?" म्हणून मी पाचव्या फर्म्याचा पन्नासाचा गठ्ठा उचलून आणला, वरचा फर्मा वाचून दाखवला, आणि गठ्ठा स्टुलावर ठेवला. तेवढ्यात कागदाची गाडी आली, सगळ्या उठलो, गठ्ठा राहिला.

स्टूल होतं इतिहासाच्या पाचव्या थप्पीजवळ. थप्पी कमी झाली की भर घालायचा गठ्ठा त्याच स्टुलावर असतो. वर्षानुवर्षं तिथेच असतो. दुपारी थप्पी कमी झाली, दुर्गाबाईंनी हात लांब केला आणि गठ्ठा थप्पीवर ठेवला. हात बरोबर होता, जागाही बरोबर होती.

अशी चूक एरवी पकडली जाते. प्रत्येक फर्म्याच्या घडीवर एक काळी खूण असते, पहिल्याची वर, दुसऱ्याची जरा खाली, अशी. पुस्तक जुळलं की पाठीवर जिन्यासारख्या पायऱ्या दिसतात. एखादा फर्मा चुकला की पायरी मोडते. पण पाचव्या फर्म्याची खूण पुस्तक कुठलंही असो, त्याच उंचीवर येते. मी पायऱ्या बघितल्या, सरळ होत्या, पुढे पाठवलं.

हे सगळं मला फोन बंद व्हायच्या आत उमगलं होतं. लगेच सांगून टाकायला काय झालं होतं? गठ्ठा मी ठेवला एवढं म्हटलं असतं की पुढचा प्रश्न आलाच असता, उचलला कुणी? आणि त्याच्या पुढचा, उचलताना दिसलं कसं नाही? त्या प्रश्नाच्या आसपास आम्ही सगळ्या वर्षभर चवड्यांवर चालत होतो.

"तीनला टेम्पो येणार," प्रज्ञेश म्हणाला. "सगळ्या प्रती उघडा. फक्त पान पासष्ट. हौद असेल तर उजवीकडे, मासे असतील तर डावीकडे."

शिलाईच्या मशीनवरून यमुनाबाईंना बोलावलं. त्या, शेफाली, मी. चौथा ढीग दुर्गाबाईंनी स्वतःच पुढे ओढला. नको म्हणायला कुणाची जीभ उचलेना. यमुनाबाईंनी फक्त माझ्याकडे बघितलं आणि चष्मा पदराने पुसायला घेतला.

कामाला लागलो. हौद, हौद, हौद, मासे. मासे डावीकडे. माझं एका जागी बूड टेकेना. दोन प्रती उघडल्या की नजर दुर्गाबाईंकडे. त्या अंगठ्याने पुस्तक बरोबर पासष्टवर उघडत होत्या. एकदाही चौसष्ट नाही की सहासष्ट नाही. पानावर झुकायच्या, थोडं थांबायच्या, उजवीकडे ठेवायच्या. पुढचं. उजवीकडे. त्याच्या पुढचं. उजवीकडेच.

"पाणी आणू का?" म्हणत मी उठले आणि येताना त्यांच्या उजव्या ढिगातल्या पाचसहा प्रती उचलून आणल्या. एकीत मासे होते. ती माझ्या डाव्या ढिगात सरकवली. थोड्या वेळाने म्हटलं, "ढीग पडेल तुमचा, इकडे द्या." अजून एकीत मासे. शेफाली कानातले इअरफोन काढून माझ्याकडे बघत होती. तिनेही मग हात लांब केला. "आजी, तुमचे स्टॅक्स मी अरेंज करते हां." आम्ही दोघी त्यांच्या मागे मागे अशा फिरत होतो जसं काही दुसरं कामच नाही. घड्याळात पावणेदोन झाले होते.

"गरम व्हाया लागलं," दुर्गाबाई म्हणाल्या. "आन् ही शाई. काय वाचायचं मानसानं."

"हो ना," मी म्हणाले. हातात त्यांच्याच ढिगातलं पुस्तक होतं, पासष्टवर उघडलेलं. 'केस पाण्यावर पसरले आणि एकेक बट वळवळू लागली,' ठसठशीत अक्षरात. मान वर केली तर प्रज्ञेश समोर.

"मैनाताई, हे मावशींच्या ढिगातलं ना?"

मी पुस्तक मिटलं. काही उपयोग नव्हता, त्याने बघितलं होतं.

"सर, ती ट्यूब फ्लिकर होते सारखी," शेफाली म्हणाली. ट्यूब एकसारखी जळत होती.

"या खेपेची छपाईच वाईट आहे," यमुनाबाई म्हणाल्या, चष्म्याकडे बघत.

प्रज्ञेशला विचारायचंही होतं आणि विचारू नये असंही वाटत होतं, ते दिसत होतं. मग मीच उभी राहिले.

"गठ्ठा मी आणला होता. गुरुवारी. गोष्ट वाचायला आणला आणि पाचव्या थप्पीजवळ ठेवून विसरले. पायऱ्याही मीच तपासल्या. चूक माझी आहे."

तो केवढा मोकळा झाला. खांदे खाली आले त्याचे. त्याला हवं होतं ते एक नाव मिळालं होतं, आणि ते दुसरं नव्हतं.

"मग असं करू," तो म्हणाला. "उद्यापासून टेबलावर वाचन टोटल बंद. आणि तुम्ही कटिंगकडे जा, कव्हर चिकटवायला. तिकडे वाचायला काही नसतंच. मॅटर क्लोज."

"बरं," मी म्हणाले.

सगळ्यांनी श्वास सोडला. शेफालीने तर पुढची प्रत उघडलीसुद्धा. मला वेड्यासारखं एवढंच सुचत होतं की आता मुलांच्या कादंबरीत पाचवे फर्मे पन्नास कमी पडणार, पन्नास मुलांच्या पुस्तकात ती मुलगी दाराजवळ पोचणारच नाही. आणि मला तर सहावा फर्मा कधीच मिळणार नाही. कव्हरला तोंड असतं आणि पाठ असते, मधलं काही नसतं.

"मैने," दुर्गाबाई म्हणाल्या. "हितं ये."

त्या बसल्या होत्या तिथे मी गेले. त्यांच्या मांडीवर दोन पुस्तकं उघडी होती, दोन्ही पासष्टवर. त्यांनी माझं बोट धरून पहिल्या पानावर ठेवलं.

"ह्याच्यात काय हाय?"

"हौद."

बोट दुसऱ्या पानावर नेलं. "आन् ह्याच्यात?"

मी शेफालीकडे बघितलं. "मासे," शेफालीने मागून सांगितलं.

दुर्गाबाईंनी दोन्ही पानांवरून तळहात फिरवला, एकदा याच्यावरून, एकदा त्याच्यावरून. मग पुस्तकं मिटली, एकावर एक नीट ठेवली, कडा जुळवल्या.

"यमुने, तुजी छपाई चांगली हाय. पोरी, ट्यूब बी चांगली हाय." त्या प्रज्ञेशच्या बाजूला वळल्या, जरा चुकून, तो उभा होता त्याच्या हातभर डावीकडे. "हिला टेबलावरनं उठवू नगंस, लेकरा. शाई काळीच हाय. मला दिसत न्हाई."