पितृपक्षातला प्रोसेसर

आमच्या घरात वापरलेली वस्तू येत नाही. शेजारच्या इंदुबाईंनी कोणाचं तरी जुनं वॉशिंग मशीन आणलं, तेव्हा मी एवढंच विचारलं होतं, "आधीच्या लोकांचे कपडे पण आलेत का आत?" तेव्हापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात. येरवड्यात एवढी शांतता कोणाला मिळते?

तर आमचा कॉम्प्युटर. तो माझ्या यजमानांनी, महिपतींनी, निवृत्त झाल्यावर नवा कोरा घेतला होता. नातीच्या, वैष्णवीच्या, अभ्यासासाठी. अभ्यास म्हणजे दोघं मिळून मोटारींच्या शर्यती खेळायचे. महिपतींना आयुष्यात सायकलपलीकडे काही चालवता आलं नाही. तिथे मात्र रोज एक लाल गाडी भिंतीवर आपटायचे आणि समाधानाने जेवायला यायचे.

ते गेले. कॉम्प्युटर राहिला. वैष्णवी कॉलेजात गेली आणि त्यावर बंदुकांचा खेळ खेळायला लागली. पाच मुलींचा संघ आहे, कॉलेजच्या नावाने खेळतात. मला वाटलं, पोरगी बिघडली. मग कळलं की बाकीच्या चौघी हिच्या हुकमाने चालतात. म्हटलं, मग ठीक आहे.

अडचण अशी, की ऐन गोळीबारात कॉम्प्युटर थिजायचा. तो हलेपर्यंत हिला कोणीतरी मारून गेलेलं असायचं. त्या रविवारी स्पर्धेची मोठी फेरी होती. चौघींनी हिला सरळ सांगितलं, मशीन सुधार, नाहीतर तुझ्या जागी दुसरी बसेल. वैष्णवी रडली वगैरे नाही. पोळी मोडत मला सांगितलं आणि मोडलेली पोळी तशीच ताटात ठेवून उठली. ते मला आवडलं नाही.

"काय बदलावं लागतं?" मी विचारलं.

"प्रोसेसर. त्याचं डोकं समज."

"चल. बघितल्याशिवाय मी कोथिंबीर घेत नाही."

बुधवार पेठेत दत्तप्रसाद म्हणून एकाचं दुकान आहे, तिथे गेलो. रिक्षातून कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन. त्याने वर न बघता डबा उघडला.

"चित्रं दाखवणारं कार्ड ठीक आहे. डोकं दमलंय," तो म्हणाला. मग एक चकचकीत खोकं पुढे सरकवलं. "हा आजचा. उत्तम. पण तुमच्या मदरबोर्डावर बसत नाही. बोर्ड नवा घ्यावा लागेल, मेमरी नवी घ्यावी लागेल."

"म्हणजे जावयासाठी घर बांधायचं."

"घर बांधायचं, आणि अंगण पण."

"ह्याच बोर्डावर बसणारा दाखवा."

"नवाच हवा तर हा एक पडून आहे."

"कसा आहे?"

"तुमचा आता दमलाय. हा जन्मतःच दमलेला आहे."

मग त्याने खणातून कागदात गुंडाळलेला एक चौकोनी प्रोसेसर काढला. "ह्या बोर्डाला चालणाऱ्यांतला हा सगळ्यात ताकदीचा. कंपनीने करायचा कधीच बंद केलाय, नवा कुठे मिळणार नाही. हा वापरलेला आहे."

"आमच्या घरात वापरलेलं येत नाही."

"मग नवा बोर्ड घ्या."

"पितृपक्ष आहे. पितृपक्षात आम्ही नवीन काही घेत नाही."

आता त्याने मान वर केली. "आजी, नवं घ्यायचं नाही, जुनं घ्यायचं नाही. मग आलात कशाला?"

"बघायला."

"बघा. पितृपक्षात गिऱ्हाईक नाही म्हणून दाखवतोय. दसऱ्याला आलात तर बघायलाही मिळणार नाही."

माणूस बरा वाटला.

परत येताना वैष्णवी म्हणाली, "आजी, वापरलेला म्हणजे नवीन नाहीच ना? पितृपक्षात चालतो की."

"पितृपक्षाला चालतो. मला चालत नाही."

घर आल्यावर तिने डबा एकटीनेच उचलून आत नेला.

शुक्रवारी महिपतींची तिथी होती. खीर, वडे, गवार, आमसुलाची चटणी, सगळं झालं. माझ्या मुलाने, संभाजीने, गच्चीच्या कठड्यावर पान ठेवलं. कावळा आला, समोरच्या टीव्हीच्या डिशवर बसला आणि पंख साफ करत राहिला. कावळा शिवल्याशिवाय घरात कोणी जेवत नाही. तो शिवला नाही तर गेलेल्याची काही इच्छा राहिली असं समजायचं, आणि ती पुरी करू असं तोंडाने कबूल करायचं.

संभाजीने हात जोडले. "बाबा, तंबाखू सोडतो."

कावळ्याने पाठ फिरवली. हे वाक्य महिपतींनी हयातीतच फार वेळा ऐकलं होतं.

सून नम्रता पुढे झाली. "बाबा, मी आईंना उलटून बोलणार नाही."

कावळा उडून लांब पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला.

"एवढं त्यालाही झेपलं नाही," मी म्हटलं.

"अहो आई, आता सुरुवात कोणी केली?" नम्रता म्हणाली.

शेजारच्या गच्चीवर इंदुबाई एकच टॉवेल पुन्हा पुन्हा वाळत घालत होत्या.

मी वैष्णवीकडे बघितलं. आता ही प्रोसेसरचं नाव घेणार, मला ठाऊक होतं. तिला गप्प करायला उत्तरही तयार ठेवलं होतं. ती आधीच गप्प.

"बोल की. तुझेच आजोबा आहेत."

"नको."

"का?"

"आजोबांना मध्ये घालून मला काही नकोय. तुझ्याकडे मागितलं, तू नाही म्हणालीस. विषय संपला."

तयार उत्तर वाया गेलं. एवढा ताठा ह्या घरात माझ्याखेरीज कोणात असेल असं मला वाटलं नव्हतं. खीर निवत होती. मी कठड्याशी गेले आणि इंदुबाईंना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हटलं, "वापरलेला चालेल."

कावळा आला. एक वडा पाडला, एक उचलला आणि गेला.

"बाबांची इच्छा!" संभाजीने पुन्हा हात जोडले.

"बाबांची कसली? कावळ्याची भूक. पानं घ्या."

जेवणं झाल्यावर वैष्णवीला म्हटलं, चप्पल घाल, डबा घे.

"कोणाचा होता?" मी दत्तप्रसादला विचारलं.

"हिंजवडीच्या एका मुलाचा."

"का काढला?"

"लग्न ठरलं. खेळ बंद करायची अट घातली मुलीने."

"म्हणजे दुखणं काही नाही."

"प्रोसेसरला नाही."

"बसवा. आणि इथेच चालवून दाखवा."

पानाला चुना लावावा तसं त्याने काहीतरी पांढरं लावलं, पंखा बसवला, स्क्रू आवळले. वैष्णवीने आधी तिचा बंदुकांचा खेळ चालवून बघितला. मग माझ्याकडे न बघता दुसरं काहीतरी उघडलं. महिपतींची शर्यत त्यात अजून होती. लाल गाडी निघाली, वेगात गेली आणि भिंतीवर आपटली. मध्ये कुठेही न थिजता आपटली.

"चालेल," मी म्हटलं.

रविवारी वैष्णवी दार लावून बसली. आतून नुसते हुकूम ऐकू येत होते. संध्याकाळी बाहेर आली आणि ताटात वाढलेलं सगळं संपवलं.

"पुढच्या फेरीलाही मीच," ती म्हणाली. "अजून एक पोळी दे."

तेवढ्यात इंदुबाई दारात. "सुशीलाबाई, पितृपक्षात नवीन काही घेतलंत म्हणे?"

"पितृपक्षात आमच्या घरात नवीन येत नाही," मी म्हटलं. "वापरलेलं घेतलंय. पारखून."

इंदुबाईंनी आत डोकावून कॉम्प्युटरकडे नीट बघितलं. "आधीच्या माणसाच्या गोळ्या पण आल्यात का आत?"

एवढी वर्षं त्यांनी ते वाक्य जपून ठेवलं होतं. मी त्यांना आत बोलावलं आणि चहा टाकला.