तार पडायच्या आत

आमच्या नेब्रास्कातल्या काउंटीत वीज सहकारी संस्थेला स्वतःचं वेगवान वायरलेस जाळं उभारायचं होतं. नियम साफ होता. त्यासाठी लागणाऱ्या रेडिओ लहरींवर आधीपासून बोलणाऱ्यांनी जागा सोडायला होकार दिला, तरच परवाना. सगळ्यांनी दिला. एकटा व्हर्लिन श्टुर अडून बसला. त्याचे खडीचे ट्रक होते आणि त्या ट्रकांचा जुना रेडिओ चॅनेल. त्याला पटवायचं काम माझं, आणि मी हार मानणाऱ्यातली नव्हे.

"दुसरा चॅनेल देतो. खर्च आमचा," मी म्हटलं.

"लोर्ना, गेल्या मार्चमध्ये तुमचीच तार तुटून माझं कुरण पेटलं. मोबाइल बंद पडले होते. या चॅनेलवरून पाण्याचे ट्रक बोलावले, म्हणून घर वाचलं. तो सोडू?"

त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. "अहो, आमचं जाळं असतं तर आग लागलीच नसती! तार तुटली की खांबांवरची यंत्रं एकमेकांना कळवतात आणि तार जमिनीला टेकायच्या आत वीज बंद."

"पडायच्या आत? उगाच थापा मारू नकोस, पोरी."

"तुमच्याच कुरणावर तोडून दाखवते. चाचणीपुरती परवानगी आहे माझ्याकडे. फक्त तेवढा वेळ तुमच्या लोकांनी रेडिओवर गप्प बसायचं."

पुन्हा मार्च आलाच होता. गवत कडकडीत वाळलेलं. व्हर्लिनने पाण्याचे तीन ट्रक कुंपणाशी आणून उभे केले. विश्वास किती, ते दिसतच होतं. लाइनमन तार सोडायला सज्ज. खांबांवरच्या यंत्रांचं बोलणं नीट पोचतंय का, ते दाखवणारा माझ्या पेटीवरचा दिवा हिरवा होता, तो एकदम लाल झाला.

"कोण बोलतंय?" मी ओरडले.

पाण्याच्या ट्रकमध्ये बसलेला व्हर्लिनचा मेव्हणा गेलेन रेडिओवर काल खाल्लेल्या 'चेरी पाय' या गोड पदार्थाचं वर्णन करत होता. व्हर्लिनने माइक उचलला. "गेलेन, थोबाड बंद कर!"

गेलेन गप्प झाला, पण व्हर्लिन बोलत होता तोवर दिवा लालच होता. तो त्याने पाहिला.

"हा माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळेच."

"म्हणजे जाळं उभं राहिलं आणि मी याच चॅनेलवर बोलत असलो, तर..."

"तर तार जिवंतच खाली येईल."

त्याने रेडिओ बंद केला. दिवा हिरवा झाला. मी ठणकावून म्हटलं, "सोडा!"

तार सळसळत खाली आली आणि गवतावर निपचित पडली. ठिणगी नाही, धूर नाही. गेलेन हातात पाइप धरून उगाचच उभा राहिला.

व्हर्लिनने त्या गवताकडे पाहिलं. मग त्याची नजर कुंपणाकडे गेली. तिथे गेल्या वर्षीच्या आगीत जळालेल्या सीडर झाडांच्या जागी त्याने नवी रोपं लावली होती.

रेडिओ त्याच्या हाताशीच होता, पण त्याने तो सुरू केला नाही. दोन्ही हात तोंडाशी धरून तो अख्ख्या कुरणावर ओरडला, "गेलेन! पाणी त्या रोपांना घाल!"