समेवरची बांगडी

डिस्कच्या डबीवरच्या पातळ प्लॅस्टिकचं टोक काही केल्या नखाला सापडत नव्हतं. कुठल्यातरी कोपऱ्यात ते असतंच... दत्तप्रसादने चष्मा कपाळावर सरकवला, डबी खिडकीतल्या उन्हाकडे धरली, कडेची बारीक शिवण दिसल्यासारखी झाली — आणि बोट नेलं की नाहीशी. पूर्वी हे काम पूर्णिमाचं. ती करंगळीच्या नखाने असं काही टोक उचलायची की अख्खं आवरण केळ्याच्या सालीसारखं उलगडून यायचं, मग डबी त्याच्या हातात देऊन ती आत पोहे परतायला जायची. आता ती आपल्या नखांसकट वाघोलीला होती, लेकीकडे, नातवाला सांभाळायला. दोन महिन्यांसाठी म्हणून गेली होती. नातू रांगला, चालला, आता बोलायलाही लागला, पण ते दोन महिने काही संपेनात. शेवटी त्याने प्लॅस्टिक दाताने फाडलं.

आज ती येणार होती. जेवून निघते आणि संध्याकाळी परत जाते, असं दोन्ही एका दमात सांगून टाकलं होतं तिने. ‘त्या बैठकीची डिस्क आलीय, नवी, एकदम स्वच्छ आवाजाची,’ असं त्याने फोनवर म्हटल्यावर पलीकडून आधी नातवाला ‘थांब रे’ म्हटलेलं ऐकू आलं. मग, ‘बरं, येते.’ त्या ‘बरं’वर तो गेले दोन दिवस जगत होता. तिने राहावं, आज नाही तर पुढच्या रविवारी, पण राहावं — एवढंच हवं होतं, आणि एवढंच त्याला तोंडाने मागता येत नव्हतं. म्हणून डिस्क.

ती बैठक म्हणजे बुवांच्या गाण्याची घरगुती बैठक, सहकारनगरातल्या एका बंगल्यात, लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. पुढे बुवा गेले, बंगला पाडून इमारत झाली, आणि मागे उरली एक कॅसेट, कुणीतरी कुणाकडून उतरवून घेतलेली. विलंबित संपत येताना तिच्यात खरखरीच्या आडून एक किणकिण ऐकू येते. ही पूर्णिमाची बांगडी, असं तो सांगायचा. माइकला खेटून बसलो होतो आम्ही — मीच हट्टाने बसलो होतो — आणि तिचा हात पडला होता बरोबर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर. रविवारी मंडळी जमायची तेव्हा तो ती जागा यायच्या आधी बोट वर करायचा, आणि किणकिण झाली की हलकेच खाली आणायचा. गाणं संपल्यावर सांगायचा, ‘आमच्या हिने दिलेली सम.’ मंडळी वा म्हणायची. गाणं चालू असताना कुणी बोलायचं नाही, कप वाजवायचा नाही, हा या घरचा नियम. त्यामुळे पूर्णिमा चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी असायची, आणि गाणं संपेपर्यंत चहावर साय धरायची.

मग मंडळी पांगली. कुणाचे गुडघे, कुणाची मुलं परदेशात, आणि बाकीच्यांचं गाणं फोनमध्ये. कॅम्पातल्या कादरभाईंच्या दुकानातही आता पुढे मोबाईलची कव्हरं लटकतात आणि डिस्का मागच्या कपाटात. “येणार साहेब, डिस्क परत येणार,” कादरभाई परवा म्हणाले, “असल्या आवाजात काढतायत की बुवांनी आवंढा गिळला तरी कळेल.”

“पण घेतं कोण?”

“तुम्ही घेताय की.” मग लटकती कव्हरं सारखी करत, “सकाळपासून तुम्हीच.”

जावई त्याहून सरळ. अभिनव म्हणाला होता, “बाबा, सेम क्वालिटी ॲपवर मिळते. डबी कशाला?” यावर दत्तप्रसादकडे उत्तर तयार होतं. फोन कानाला लावून माणूस भाजी आणायला जातो; डिस्कसाठी बसावं लागतं, एका जागी, आणि एका जागी बसायचं म्हटलं की शेजारी दुसरी खुर्ची लागते... लोक परत येतील, नक्की येतील, आवाज इतका चांगला झाल्यावर का नाही येणार? मात्र हे ‘लोक’ म्हणताना त्याच्या डोळ्यांसमोर एकच बाई होती, आणि ती नातवाला वरणभात भरवत होती.

चार माणसांत लावण्याआधी डिस्क स्वतः एकदा ऐकून घ्यायची, ही त्याची जुनी शिस्त. त्याने पडदे ओढले आणि आपल्या खुर्चीत बसला.

तंबोरे लागले, आणि भिंती मागे सरकल्या. खरखर नाहीच! कंपनीला मूळ टेप सापडली होती म्हणे. सतरंजीवर कुणाचा तरी गुडघा सरकला, पंखा कुरकुरला, बुवांनी खरंच आवंढा गिळला, आणि तो एकटाच हसला. आहे, सगळं आहे, काही गेलेलं नाही... विलंबित संपत आलं. रिकाम्या खोलीत त्याने बोट वर केलं.

किणकिण आली — पण लवकर. समेला अजून अवकाश होता. मग आणखी एकदा, मग पुन्हा, घाईघाईने, कुणीतरी कुणाचा दंड हलवावा तशी. आणि तिच्यामागून, अगदी कानाशी —

“अहो... निघूया ना. बाळ रडत असेल शेजारच्यांकडे.”

आणि त्याहून जवळ, दातांतून: “श्श!”

मग तबल्यावर सम पडली. बोट वरच राहिलं होतं.

त्याने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. तो ‘श्श’ त्याचाच होता, यात शंकाच नव्हती; रागावलेलाही नव्हता तो, रागावण्याइतकी फुरसत त्याला नव्हती. आठवतं का काही? काही नाही. बुवांची प्रत्येक जागा आठवते, आणि तिने दंड हलवलेला आठवत नाही. कॅसेटवर जे नीट ऐकू येत नव्हतं ते आपणच उचलून समेवर नेऊन ठेवलं — आणि इतकी वर्षं बोट वर करून लोकांना दाखवलं! आधी त्याला डिस्कचाच राग आला. इतकं स्पष्ट ऐकवायला कुणी सांगितलं होतं? कॅसेट काय वाईट होती?

पण तिला माहीत होतं. हे त्याला तिसऱ्यांदा ऐकताना सुचलं आणि तो खुर्चीत मागे टेकला. तिचा हात होता, तिला माहीत असणारच. ट्रे घेऊन दारात उभी राहून तिने दर वेळी तो ‘वा’ ऐकला, आणि एकदाही म्हणाली नाही की अहो, ते तसं नव्हतं. त्याला फार एकटं वाटलं. ती वाघोलीला गेल्यापासून वाटत होतं ते वेगळं; हे ऑफिसातल्या पगारवाढीसारखं मागल्या तारखेपासून लागू झालेलं.

तरी तो ऐकत राहिला. बुवा कुठे तान घेतात इकडे आता त्याचं लक्ष नव्हतं. ‘निघूया ना’मधला तो ‘ना’... केवढा कोवळा आवाज होता हिचा! तो आवाज जगात दुसरीकडे कुठेच उरलेला नव्हता.

बेल वाजली. पूर्णिमा घामाघूम, हातात डबा, खांद्याला पिशवी. “वाघोलीपासून नुसतं ट्रॅफिक,” ती म्हणाली. आत येऊन तिने जमिनीवरचं फाटकं प्लॅस्टिक उचललं. “दाताने फाडलंत?”

“टोक सापडेना.”

“सापडतं. बघावं लागतं.” ती आपल्या खुर्चीत बसली. पिशवी खांद्यावरून काढली, पण मांडीवरच ठेवली. “लावा. त्यासाठीच तर आलेय.”

प्लेअर बिघडलाय म्हणावं, चहा टाकतो म्हणावं... त्याने लावली. तंबोरे आले. पूर्णिमाने मान किंचित तिरकी केली, डोळे अर्धवट मिटले. या चेहऱ्याला आपण आजवर तल्लीन म्हणत आलो. आता तो चेहरा त्याला वाचता येईना. ती ऐकत होती की संपायची वाट बघत होती? तिच्या हातात एकच बांगडी होती आणि ती पिशवीच्या बंदावर गप्प होती.

विलंबित संपत आलं. त्याने बोट वर केलं नाही. तिने ते पाहिलं — त्याच्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. गाणं चालू होतं, आणि नियम मोडून ती म्हणाली, “अहो...”

‘श्श’ त्याच्या दातांपर्यंत आलं, सवयीने, आपोआप. ते त्याने तिथेच धरलं. हात पुढे करून आवाज कमी केला, आणखी कमी केला, बुवा पार लांब गेले, आणि तो तिच्या बाजूला वळला.

“बोल,” तो म्हणाला, आणि सम कधी येऊन गेली ते त्याला कळलं नाही.