कार्डाचा डबा

आमचं दोघांचं मिळून एकच कार्ड होतं. निवृत्त माणसांना सरकार सवलतीचं कार्ड देतं, ते. डावीकडे बायकोचा फोटो, उजवीकडे माझा. तिची पेन्शन मोठी, म्हणून कार्डाची मुख्य धारक ती, आणि ती सोनेरी चिपही तिच्याच फोटोखाली. कार्ड घरी आलं तेव्हा बराच वेळ उलटंसुलटं करून बघत ती म्हणाली, "अहो, लग्नाच्या फोटोतही इतके चिकटून बसला नव्हतात तुम्ही."

ती टेलिफोन खात्यात होती. मी तराजू दुरुस्तीच्या कारखान्यात. हिशेबाचं डोकं तिचं. कार्डावर बसचं तिकीट अर्धं होई, विजेच्या बिलात सूट मिळे, औषधं स्वस्त पडत. जेवढे कमी द्यावे लागले तेवढे पैसे ती घरी आल्या आल्या पर्समधून काढून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. चपला काढायच्या आधी. जणू आम्ही सगळं पूर्ण किमतीलाच घेतलं होतं. डबा भरला की बँकेत.

"सवलत मिळाली म्हणजे पैसे मिळाले असं नसतं," ती म्हणायची. "बाजूला काढले तरच मिळाले."

"म्हणजे मी बसमध्ये नुसता बसलो तरी तुला पगार सुरू," मी म्हणायचो.

"मला नाही. मागे जो राहील त्याला."

"मग मला कशाला सांगतेस? मी काही राहत नाही मागे."

असं आम्ही हसण्यावारी न्यायचो. मी वयाने मोठा, छातीने अधू, त्यात डाव्या डोळ्याच्या पडद्याला सूज. आधी मीच जाणार हे दोघांनीही धरून ठेवलं होतं. डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन घ्यावं लागतं. कार्डावर ते दोन कप चहाच्या पैशांत होई. डॉक्टरांनी बजावलं होतं, एकही चुकवू नका, गेलेली नजर मला परत आणता येणार नाही. इंजेक्शनच्या वेळी माझा चष्मा ती हातात धरून बाहेर बसायची.

एका दुपारी ती स्वयंपाकघरात पडली आणि उठलीच नाही.

मृत्यूचा दाखला द्यायला बँकेत निघालो तेव्हा फळीवर डबा दिसला. जवळजवळ भरलेला होता. तिचं काम अर्धं राहिलं असं वाटलं, म्हणून पिशवीत घालून नेला. खातं दोघांचं होतं, ते माझ्या एकट्याच्या नावावर झालं आणि डबाही त्यातच रिकामा केला. खिडकीतला कॅशियर म्हणाला, "काका, एवढी चिल्लर! देऊळ फोडलं की काय?" मी हसलो. ती गेल्यापासून पहिल्यांदाच.

पुढचं इंजेक्शन आलं. दवाखान्यातल्या काउंटरवरच्या मुलीने कार्ड यंत्रात घातलं. लाल दिवा लागला. तिने ते ओढणीला पुसून पुन्हा घातलं. पुन्हा लाल.

"आजी नाही आल्या?" तिने विचारलं.

मी सांगितलं. तिने कार्ड दोन्ही हातांनी माझ्यासमोर ठेवलं. "आजोबा, हे बंद झालंय. तुमच्या एकट्याचं नवं काढावं लागेल. या आठवड्यात जाऊन या, तोवर मी तुमची वेळ धरून ठेवते."

कार्डाच्या कार्यालयात नंबर लागेपर्यंत बाकावर बसलो. खिडकीत माझ्या मुलीच्या वयाच्या बाई होत्या. स्वभावाने बऱ्या. पडद्यावर बघता बघता त्यांच्या भुवया जवळ आल्या.

"काका, तुम्ही मर्यादेच्या वर जाताय."

"कसली मर्यादा? मिळकत तर कमी झाली. एक पेन्शन गेली."

"जोडप्याची मर्यादा वेगळी, एकट्याची वेगळी. एकट्याची बरीच खाली आहे. आणि तुमची बचत आहे ना, ती आता सगळी तुमच्या एकट्याच्या नावावर." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "थोडक्यात चुकलंय हो. हा शेवटचा भरणा बघा. हा नसता तर बसला असतात."

मी तारीख बघितली. डब्याचे पैसे.

"ते आत्ता काढतो," मी म्हणालो. "समोरच बँक आहे."

"आता काढून उपयोग नाही. महिनाअखेरची शिल्लक धरतात, ती धरली गेली. पुढची तपासणी वर्षाने."

"मुलीला देऊन टाकले तर?"

"दिले तरी तुमचेच धरतात. सगळे तेच करतात ना, म्हणून."

"अहो बाई, हे पैसे कार्डाचेच आहेत. कार्डामुळे वाचले ते बायकोने बाजूला टाकले. ते साठले म्हणून कार्ड काढून घेता?"

 हे काही त्यांनी ठरवलेलं नव्हतं, मला कळत होतं. तरी मी म्हणालो, "मी जन्मभर तराजू तपासले. काट्याला सुद्धा थोडी सूट असते. केसभर इकडे तिकडे झालं तरी आम्ही पासचा शिक्का मारायचो."

"काका, इथे काटा नाही, कॉम्प्युटर आहे," त्या म्हणाल्या, आणि लगेच खाली बघितलं. "जुनं कार्ड जमा करावं लागेल."

मी दिलं. त्यांनी कात्री घेतली.

"फोटोवरून कापू नका," मी म्हणालो.

त्यांनी बरोबर मधून कापलं. मी हात पुढे केला.

"चिपचा भाग आम्हाला ठेवून घ्यावा लागतो," त्या म्हणाल्या, आणि माझा अर्धा माझ्या हातात दिला. दोनदा म्हणाल्या, सॉरी काका. मी म्हटलं, असू दे. माझ्या थोबाडाचा मला काय उपयोग होता!

संध्याकाळी मुलीला फोनवर सगळं सांगितलं. ती भडकली. "पण बाबा, डबा बँकेत न्यायची एवढी काय घाई होती?"

"भरला होता."

"भरला होता म्हणून? आईसारखंच तुमचं!" मग तिचा आवाज उतरला. "मी पाठवते दर महिन्याला."

तिच्या घरात दोन मुलांच्या फिया आणि जावयाची सुटलेली नोकरी. मी म्हटलं, "तू तुझं बघ. आहेत माझ्याकडे." खोटं नव्हतं. होते म्हणूनच तर हे सगळं झालं.

धरून ठेवलेल्या वेळेला दवाखान्यात गेलो. काउंटरवरच्या मुलीने पूर्ण किमतीचं बिल काढलं. माझ्या पेन्शनच्या निम्म्याला आलं. तिला वाटलं मी परत जाईन. मी बँकेतून काढलेलं पाकीट पुढे केलं. चष्मा कुठे ठेवू ते कळेना, म्हणून खिशात घातला. नर्स म्हणाली, "वर बघा आजोबा, हलू नका." मी हललो नाही.

घरी आलो. डोळ्यावर पट्टी, चपला पायात, आणि हात फळीवरच्या डब्याकडे गेला. झाकण उघडल्यावर लक्षात आलं की आज काहीच वाचलेलं नाही. झाकण लावलं.

मुलीचा फोन आला. "घेतलं इंजेक्शन?"

"घेतलं."

"पैसे?"

"तुझ्या आईने दिले."

 पुढच्या महिन्याचेही बायकोच देणार आहे, त्याच्या पुढचेही तीच. पुढच्या तपासणीपर्यंत तिचं साठवलेलं जवळपास सगळं संपलेलं असेल. मग मी कार्डाला पात्र होईन.