असे वाचू नये

जिजाचा राग आजवर तोंडातून निघायचा. मोहाडीच्या बाजारात कोणी मासोळी चिवडून भाव पाडला, की ती असं काही बोलायची की शेजारचा भाजीवालाही आपली टोपली मुकाट मागे ओढायचा. पण लिलाधर सरांवर तोंड कसं सोडायचं? पोरगी त्यांच्याच वर्गात. मास्तराशी भांडलेल्या बाईच्या लेकराचं वर्गात काय होतं, ते काय सांगायला पाहिजे? म्हणून जिजा दात आवळून बसली होती, आणि दात आवळून बसलेली जिजा म्हणजे भल्याची गोष्ट नव्हे.

झालं होतं असं. सरांनी सहावीचा व्हाट्सॲप ग्रुप काढला. सूचना, घरचा अभ्यास, सगळं त्यावर. एरवी त्यावर एकटे सरच बोलायचे, बाकीच्यांनी नुसतं वाचायचं. संध्याकाळी मात्र सर ग्रुप सगळ्यांसाठी उघडायचे. त्याला ते 'वाचन-तास' म्हणायचे. पोरांनी धडा मोठ्यानं वाचायचा, फोनात आवाज भरायचा आणि ग्रुपवर पाठवायचा. कल्पना वाईट नव्हती, उगीच खोटं कायले बोला! ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या मोहल्ल्यातली जी पोरं पुस्तकाला शिवत नव्हती, ती तलावाच्या पाळीवर बसून धडे वाचू लागली होती.

जिजाची रक्षा बोलताना अडकायची. पहिल्यापासूनच. घरात त्याचं कोणाला काही नव्हतं. तिचं वाक्य पुरं होईस्तोवर सगळे थांबायचे, बस्स. वाचन-तासाला ती कधी आवाज पाठवायची नाही. पण एक दिवस काय मनात आलं कोण जाणे, आतल्या खोलीचं दार लावून बसली, पक्ष्यांचा अख्खा धडा वाचला आणि पाठवून दिला. बाहेर आली तेव्हा पोरीचं तोंड असं फुललं होतं, की जिजानं तिच्या ताटात मासोळीचा मधला तुकडा वाढला.

जेवण व्हायच्या आत सरांनी तोच आवाज पुन्हा ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'असे वाचू नये. सर्वांनी ऐकावे.' आणि शेजारी दात काढून हसणारी दोन पिवळी तोंडं.

सर्वांनी ऐकलं. या फोनातून त्या फोनात गेलं आणि पानठेल्यावरही पोचलं. रक्षा शाळेला निघाली की ठेल्यावरची रिकामटेकडी टाळकी ओरडायची, "प-प-पक्षी आला रे!" मेल्यांना आयाबहिणी नव्हत्या की काय! पोरीनं तोंडच मिटलं. वर्गात नाही, घरात नाही, कुठंच नाही. भूक लागली का, तर मान. डोकं दुखतं का, तर मान. जिच्या एकेका वाक्यासाठी घर थांबायचं, तिचं आता वाक्यच येत नव्हतं. जिजाला पोरीचा आवाज परत पाहिजे होता.

ती सरांकडे गेली. अगदी डोक्यावर पदर घेऊन, नमतं घेऊन गेली.

"सर, ते तेवढं काढून टाका न."

"अवो जिजाबाई, तिच्या भल्यासाठीच टाकलं ते. बाकीची पोरं ऐकतील, शिकतील. आणि आता लय दिवस झाले, दुसऱ्यायच्या फोनातून ते निंगत नाही."

"मंग निंगत होतं तवा काहून नाही काढलं?"

"तुमी मनावर घेऊन राहिल्या," सर हसले. "शाळा म्हटली का थोडी थट्टा-मस्करी चालतेच."

तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन तिनं मासोळीचं टोपलं असं आदळलं की नवरा, डोमा, हातातलं जाळं टाकून उठला.

"सोड न व," तो म्हणाला. "मास्तर मानूस हाय."

"मास्तर हाय म्हणून माह्या पोरीचा गळा दाबन का? थांब तू. त्याची थट्टा अशी करतो का जलमभर ध्यानात राहीन."

आता गावात सरांची थट्टा कोण करणार? मोठा मान होता त्यांचा, आणि तो शाळेमुळे कमी, नाटकामुळे जास्त. दिवाळी झाली की मंडईची जत्रा, आणि मंडईला नाटक. आमच्याकडे माणूस एक वेळ उपाशी राहील, नाटक चुकवणार नाही. त्या नाटकात दरसाल नायक लिलाधर सरच. यंदा ते काळ्या कोटातले वकील होणार होते. भूमिका कोणतीही असो, सर असं भाषण करायचे की बाया डोळ्यांना पदर लावायच्या. अर्थात आडोशाला मंगेश प्रॉम्प्टर उभा असायचा आणि प्रत्येक वाक्य आधी तो म्हणायचा, मागून सर. त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही, आमच्याकडच्या सगळ्याच नाटक मंडळ्या तशीच नाटकं करतात.

रविवारी शाळेत तालीम चालली होती. मासोळी विकून जिजा शाळेच्या मागच्या वाटेनं घरी येत होती. खिडकीतून सरांचा आवाज आला तशी तिची पावलं आपोआप थांबली. नेमका मंगेश पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा आणायला गेला होता.

"मंगेशची वाट कायले पाहता?" आतून कोणीतरी म्हणालं. "इतक्या वर्षाचे कलाकार तुमी, म्हणा न सर."

"मि..." सर म्हणाले. "मि... मि... मि..."

जिजानं कान टवकारले. भाषण पुढं जाईना. 'मिलॉर्ड' हा एवढासा शब्द, पण गळ्यात मासोळीचा काटा रुतावा तसा रुतून बसला होता. सर पुन्हा सुरुवात करत होते, पुन्हा तिथंच येऊन थांबत होते. आत कोणीतरी फिसकन हसलं.

देवच पावला म्हणायचा! जिजानं पदराची गाठ सोडून फोन काढला. आवाज कसा भरायचा हे रक्षानंच तिला शिकवलं होतं. हात खिडकीखाली धरून ती उभी राहिली आणि मंगेश येईस्तोवर सरांचं सगळं 'मि-मि-मि' तिनं फोनात भरून घेतलं.

सोमवारी संध्याकाळी वाचन-तास उघडला. एकदोन पोरांचे धडे आले. त्यांच्या पाठोपाठ जिजानं सरांचा आवाज सोडला. चौथीपर्यंत शिकलेली बाई, एकेक अक्षर शोधून तिनं खाली लिहिलं, 'असे बोलू नये. सर्वांनी ऐकावे.' मग ती दोन पिवळी तोंडं हुडकली. दोनच कशाला? जास्तीची लावली. जशास तसं, आणि वर व्याज!

सरांनी घाईघाईनं तो आवाज पुसला आणि ग्रुप बंद केला. पण पाणी पाळ फोडून गेल्यावर दगड लावून काय फायदा? लाखनीपासून कोंढ्यापर्यंत नाटकवाल्यांच्या फोनात 'मि-मि-मिलॉर्ड' वाजू लागलं. पानठेल्यावरच्या टाळक्यांना नवं खाद्य मिळालं: मंगेश नसला की सर भाषणच विसरतात! मंगेशनं सांगत यावं, की नाटक मंडळी यंदा दुसरा वकील पाहून राहिली, आणि जिजानं त्याला पुन्हा पुन्हा विचारावं, "खरंच का? काय म्हणाले रे? तोंड कसं झालं सरायचं?" किती दिवसांनी तिला अन्न गोड लागलं.

सरांचा फोनही आला. "जिजाबाई, तु... तु... तु..." एवढंच झालं आणि फोन बंद पडला.

त्या दिवशी जिजाच्या अंगणात बाया जमल्या. शेजारची म्हातारी तुळसा सगळ्यांत पुढं. "कसा बोलला व, जिजा? एक डाव सांग न."

जिजा उठली. टोपलं पालथं घालून त्यावर उभी राहिली, काळ्या कोटाच्या जागी डोमाची चादर खांद्यावर घेतली, आणि मान ताणून, डोळे फिरवून म्हणाली, "मि... मि... मि... मिलॉर्ड!"

बाया लोळायच्या बाकी राहिल्या. तुळसाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आनखीन, आनखीन!"

"तु... तु... तु... जिजाबाई!" जिजानं ओठ वेडेवाकडे केले, गाल फुगवले. किती सोपं होतं ते! आणि किती बरं वाटत होतं!

"स-स-सर विसरले नव्हते."

अंगणातलं हसू जागच्या जागी थांबलं. दारात रक्षा उभी होती. जिजाच्या काळजात लख्ख झालं. बोलली! पोरगी बोलली! ती टोपल्यावरून उडी मारून धावली, पण रक्षा मागे सरकली.

"त्या-त्यायले येत होतं सगळं," रक्षा म्हणाली. "अ-अडकलं होतं. विसरलं का अडकलं, म-मले समजते."

"बाई व माही," जिजा म्हणाली, "तुह्यासाठीच तर केलं मी. त्यानं तुले रडवलं, मी त्याले रडवलं. झाला हिशेब."

रक्षा तिच्या तोंडाकडे पाहत होती. आत्ताच ज्या ओठांनी नक्कल केली होती, त्याच ओठांकडे.

"आई," ती म्हणाली. पुढचा शब्द यायला वेळ लागला, आणि एवढ्या बायांत कोणी हुं की चूं केलं नाही. "मी घ-घरात नसतो तवा... तू म-माहीपण अशीच न-नक्कल करते का?"

"नाही व, नाही!" जिजा म्हणाली. खरंच केली नव्हती कधी, लेकराची शपथ. पण चादर अजून तिच्या खांद्यावर होती, तुळसा अजून डोळे पुसत होती, आणि तिच्या त्या 'नाही'वर पोरीनं विश्वास कायले ठेवावा, हे जिजाला सांगता येईना.