उपकेंद्रातल्या वजनकाट्याचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी बाळांचं वजन करणारा एक जुना काटा आहे, आणि सध्या जाम वैतागलो आहे.

माझा जन्म सातपूरच्या एका कारखान्यातला. गेली अठरा वर्षं मी घोटीच्या पुढच्या एका पाड्यावर, आरोग्य उपकेंद्राच्या ओसरीत लटकतो आहे. मंजुषा सिस्टर मला रोज पुसतात. दर सोमवारी दोन किलोचं माप टांगून माझी परीक्षा घेतात. "आमचा काटा अजून चोख आहे," असं त्या म्हणतात तेव्हा मला फार बरं वाटतं.

पण दरवर्षी नाशिकहून नर्सिंगच्या मुली पंधरा दिवसांसाठी येतात आणि माझं डोकं उठवतात! परवा त्यांच्यातली स्नेहल मैत्रिणीला सांगत होती, "मला बाई आयसीयूच हवं. इथे आहे काय? वजन करा, गोळ्या वाटा, रजिस्टर भरा. त्याला नर्स कशाला लागते?"

घ्या! एवढ्यात ठमाबाई आठ महिन्यांच्या नातीला घेऊन आल्या. आधी माझ्या आकड्याला रिकामी झोळी अडकवायची, काटा शून्यावर आणायचा, मग उघडं बाळ झोळीत ठेवायचं. स्नेहलने शून्य केलंच नाही. वर पोरगी दुपट्यात गुंडाळलेली! मी सहा किलो दाखवले. त्यातला अर्धा किलो झोळीचा आणि दुपट्याचा. मी ओरडणार तरी कसा? मला फक्त काटा हलवता येतो. "छान आहे हो बाळ," म्हणून तिने आजीला वाटेला लावलं.

मंजुषा सिस्टरांनी रजिस्टर पाहिलं आणि त्या थबकल्या. "सहा? अगं, हात बघितलेस का तिचे, किती बारीक? झोळी लावून शून्य केलं होतंस?"

स्नेहलचा चेहरा उतरला. ती तशीच जीपच्या थांब्याकडे धावत सुटली.

ठमाबाई परतल्या त्या भांबावूनच. "याच पोरीनं सांगितलं, बरं हाय म्हून. मी जीपमंदी बसलेच व्हते!"

या वेळी काटा साडेपाचवर थांबला. वाढीच्या तक्त्यावर तो लाल पट्टा होता, म्हणजे बाळ तीव्र कुपोषित. दुपारीच बाळाला नाशिकच्या रुग्णालयात हलवलं. गाडीत स्नेहल शेजारी बसली.

मित्रांनो, खुशाल मोठ्या इस्पितळात जा. पण इथलं काम कुणालाही जमेल, असं माझ्यासमोर म्हणू नका. आयसीयूत काही बिघडलं तर यंत्रं कोकलतात, दहा माणसं धावतात. इथे काहीच वाजत नाही. बाळ मुकाट्याने घरी जातं. म्हणून तर इथे तुमच्यातली सगळ्यात हुशार मुलगी हवी.